तीनतोंड्या आणि जावयाचा मान

शालिकरामच्या घरी धोंड्याचा महिना आणि तीनतोंड्या एकदमच आले. धोंड्याची तयारी त्याची बायको कस्तुराबाई करत होती आणि तीनतोंड्याची तिची धाकटी लेक रुचिका. दोघींचं काम तसं एकच होतं. भारी पाहुणा येणार, तर तो कशानं भडकतो, त्याला कुठं बसवायचं, याचा आधीच विचार करून ठेवायचा. फरक एवढाच, की तीनतोंड्याला शेवटी मारायचं होतं.

तीनतोंड्या हा मोबाइलवरच्या खेळातला राक्षस. खेळ मोठा अजब. तुम्हाला ओसाड रानात सोडून देतात. खणा, बांधा, पेरा, कुणी विचारत नाही. शेलूबाजाराला लागून असलेल्या मळ्यात सकाळभर वांगी तोडून आलेल्या पोरीनं दुपारी सावलीत बसून पुन्हा मोबाइलमध्ये मेथी पेरावी, याचं शालिकरामला नवल वाटे. "घरचं वावर पुरत नाई का तुले?" तो विचारी. पण घरचं वावर त्याच्या नावावर होतं आणि पुढं हर्षलच्या नावावर होणार होतं. मोबाइलमधलं वावर रुचिकानं स्वतः खणलेलं होतं.

खणलं तिनं आणि गावाचं नाव मात्र हर्षलनगर! कारण इंटरनेट तिच्या भावाच्या, हर्षलच्या फोनवरून चाले आणि जो इंटरनेट देईल तो सरपंच, असा कायदा त्यानंच करून टाकला होता. सरपंच कोठाराची किल्ली बाळगी, हुकूम सोडी आणि कुदळीला हात लावत नसे. खेळ एकंदरीत बराच खराखुरा होता. यावरून भावाबहिणीत रोज जुंपायची. शेवटी खेळातला तिसरा गडी, शेलूबाजारच्या इस्माईल भांडेवाल्याचा हसनैन, यानं तोड काढली. "तीनतोंड्याले शेवटचा वार ज्याच्या नावानं बसंल, थो सरपंच. गावाचं नावबी त्याचंच. झगडा खतम."

हर्षल हो म्हणाला, कारण मारणारा आपणच, याबद्दल त्याला शंका नव्हती. रुचिका हो म्हणाली, कारण तयारी कोण करणार ते तिला माहीत होतं. तिला त्या गावच्या पाटीवर आपलं नाव हवं होतं. जन्मात एका तरी पाटीवर हवं होतं, आणि त्यासाठी तिचा जीव खालीवर होत होता.

हा राक्षस आपणहून येत नाही. त्याला बोलवायला काळी घंटा ओतावी लागते. ती एकदाच वाजते आणि वाजली की तडकते. रुचिकानं डोंगराच्या पोटातून धातू काढला, घंटा ओतली आणि दगडाची कमान बांधून तिला टांगली. पुढं खोलगट मैदान केलं. वरच्या अंगाला तलाव खणला, तलावापासून मैदानापर्यंत पाट काढला आणि पाटाच्या तोंडाशी मातीचा बांध घातला. राक्षस आगीचा. भिजला तर त्याला उडता येत नाही, असं तिनं कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं.

"राक्षसाले का वांगं समजली का तू?" हर्षल हसला. "पानी देऊन राह्यली त्याले!"

रुचिकानं लक्ष दिलं नाही. स्वतःच्या बाहुलीला तिनं निळं चिलखत घडवलं, चांगली तलवार घडवली. आईच्या फोनवरही 'कस्तुराबाई' नावाची एक बाहुली करून ठेवली होती. साधे कपडे, हातात कुदळ, कोठाराच्या दारात राखणीला उभी. खऱ्या कस्तुराबाईला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. "फोन गरम काहून होऊन राह्यला?" एवढंच ती मधूनमधून विचारी.

नावापुरतं उभं राहण्याची तिला सवय होती म्हणा. खऱ्या गावात ती पाच वर्षं सरपंच होती. जागा बाईची निघाली म्हणून शालिकरामनं तिला उभं केलं, निवडून आणलं आणि खुर्चीवर स्वतः बसला. "तू नुसती सही कर, बाकी मी पायतो," असं तो पहिल्याच दिवशी म्हणाला आणि शब्दाला जागला. पंधरा ऑगस्टला झेंड्याच्या दोरीला तिचा हात लागे, ओढायचा शालिकराम. गाव अजून त्यालाच सरपंच म्हणतं आणि तोही ओ देतो.

तर शुक्रवारी थोरला जावई, रिठदचे प्रफुल्लराव, धोंड्याला आले. ताटभर अनारसे, त्यावर दिवा, नवे कपडे, सगळं यथासांग झालं. जेवण अंगावर आलं तसे जावईबापू कूलरपुढे लवंडले. पलीकडे पोरांची कुजबुज चालली होती. हसनैन आपला फोन तिथंच ठेवून जुम्म्याच्या नमाजला निघाला होता आणि बजावत होता, "मी येईस्तोवर घंटीले हात लावू नका." ते ऐकून जावईबापू उठून बसले.

"हा खेळ मलेबी येते," ते म्हणाले.

येत नव्हता. पण धोंड्याच्या महिन्यात जावयाला काय येत नाही, हे त्याच्या तोंडावर कोण सांगणार?

शालिकराम लगेच म्हणाला, "रुचिके, तुहा फोन दे जावईबापूले."

"बाबा, आईचा देते नं. माह्या फोनवर..."

"पावन्याले मोडका पाट देतेत का बसाले? अन थो शेवटचा वार का काय हाय, थोबी त्याइलेच मारू द्या. मान हाय त्याइचा."

रुचिकाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सगळा उन्हाळा तिनं माती उपसायची आणि मान अनारसे खाणाऱ्याचा! पण रडता रडताच तिला सुचलं. वार भाऊजी मारतील, पण फोन माझा, बाहुली माझी. नाव 'रुचिका'च येणार. हर्षलच्याही ते ध्यानात आलं आणि त्याचं तोंड एवढंसं झालं. मग मात्र रुचिकानं दोन्ही हातांनी, अगदी आदरानं, फोन भाऊजींपुढे धरला आणि आईचा फोन घेऊन ती कुदळवाल्या बाहुलीत जाऊन बसली.

जावईबापूंची बाहुली निळं चिलखत घालून डुलत डुलत कमानीखाली गेली. वर घंटा. आता या मुलखातल्या कुठल्याही माणसाला कमानीखाली टांगलेली घंटा दाखवा, हात वर गेल्याशिवाय राहतो का? जावईबापूंनी घंटा वाजवली. इकडे कूलरपुढे त्यांनी डोळे मिटून छातीला हातसुद्धा लावला.

"भाऊजी, हे काय केलं?" रुचिका किंचाळली.

"काहून? देवाची नवती का?"

आभाळ काळं झालं आणि तीनतोंड्या उतरला. जावईबापू अजून तलवारीचं बटण शोधत होते, तेवढ्यात तो त्यांच्यावर आग ओकला. चारही फोनवर ओळ आली, 'रुचिका पडली'. खेळात पडलेला माणूस गावातल्या खाटेवर पुन्हा उठतो आणि मैदानापर्यंत धावत येतो. जावईबापू उठले, आले आणि पुन्हा पडले.

शालिकरामनं चष्मा लावून ओळ वाचली. "पाय, पोट्टी पडली. जावईबापू, तिले सांभाळून घ्या जरा."

"घेतो नं, मामाजी," जावईबापू म्हणाले आणि तिसऱ्यांदा पडले.

हर्षल तलवार घेऊन सरसावला. दोन फटके त्यानं चांगले मारले, मग तोही भाजून निघाला. हसनैनची बाहुली बिचारी मालकाविना उभ्या जागी जळाली. मैदानात उरली एकटी कस्तुराबाई, साध्या कपड्यांत, कुदळ घेऊन. राक्षसाची तिन्ही तोंडं तिच्याकडे वळली.

ती पळाली, पण घराकडे नाही, पाटाकडे. रुचिकाला आता तहान, उकाडा, बाप, काही दिसत नव्हतं. तिनं बांधावर कुदळ घातली. एक घाव, दोन घाव, आणि तलावाचं पाणी पाटानं घुसलं. वांग्याच्या सरीत घुसतं तसंच. मैदान भरलं, राक्षसाची आग फुस्स झाली, पंख भिजले आणि तो चिखलात बसला. मग तिनं त्याला कुदळीनंच झोडपायला घेतलं. त्याचा जीव कमी होत होत काडीएवढा उरला.

तिथं तिनं हात आवरला.

"भाऊजी, या! लवकर या! शेवटचा तुमचा!"

"कुठून येऊ? इथं एक खोली हाय, दार नाई तिले."

खाटेवरून उठून जावईबापू कोठारात शिरले होते आणि आता त्यांना दारच सापडत नव्हतं. मैदानातलं पाणी आटायला लागलं. राक्षसाच्या एका तोंडातून धूर निघाला. आणि पलीकडून हर्षल तलवार उपसून धावत येत होता. त्याचा वार बसला तर हर्षलनगर कायमचं. थांबलं तर राक्षस उडणार, घंटा तर तडकलेलीच. रुचिकानं दात खाऊन कुदळ घातली.

चारही फोनवर ओळ उमटली, 'कस्तुराबाईने तीनतोंड्याला मारले'.

कस्तुराबाई त्याच वेळी चहाचा ट्रे घेऊन आत आली. शालिकरामनं ओळ मोठ्यानं वाचली आणि बायकोकडे असं पाहिलं, की तिनं ट्रे आधी खाली ठेवला. "काय केलं म्या?"

"आईनं कायचं? मी मारला," रुचिका ओरडली. हर्षल म्हणाला, "नाव तुहं नाई आलं. तू तं तीनदा पडली." तेवढ्यात नमाजची टोपी घडी करत हसनैन आला. सगळं ऐकून त्यानं निवाडा दिला, "नियम म्हंजे नियम. नाव काकूचं. सरपंच काकू."

कस्तुराबाईला हळूहळू सगळं समजावून सांगितलं. राक्षस, गाव, किल्ली, सरपंच. शेवटच्या शब्दावर तिनं पदराला हात पुसले.

"जाऊ दे आई," रुचिका म्हणाली, "तुहं नुसतं नाव राहू दे, बाकी मी पायते."

बोलली आणि तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. शालिकरामनं चहाचा कप उचलला आणि त्यातच पाहत राहिला. रुचिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कस्तुराबाईनं लेकीच्या हातातून आपला फोन काढून घेतला. "पाटीवर नाव तुहं लिव," ती म्हणाली. "खनलं तुनं, गाव तुहं. पन खुर्ची मी सोडत नाई. आता सांग, चालाचं कसं?"

रुचिका डोळे पुसत आईला लागून बसली आणि तिचा अंगठा धरून तिला चालायला शिकवू लागली. जावईबापू संध्याकाळी अनारशांचा डबा घेऊन रिठदला गेले आणि राक्षस आपणच बोलावला असं सांगत सुटले. ते खरंच होतं.

इकडे नव्या सरपंचबाई पाटाच्या काठानं चार पावलं चालल्या आणि तलावात गेल्या. ओळ आली, 'कस्तुराबाई पडली'. शालिकरामचा हात सवयीनं फोनकडे गेला. "आन इकडं, मी..."

तिनं फोन दुसऱ्या हातात घेतला. "बसा तुमी," ती म्हणाली. "मी पडून राह्यली तं पडू द्या मले."