न कापलेली पानं

शांतताबाईंनी वरच्या फळीवरचं पुस्तक काढलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि हवं ते पान उघडायला गेल्या, तर पान उघडेचना. आजूबाजूची पानंही कडेला एकमेकांना जोडलेलीच होती. जुन्या बांधणीचं पुस्तक. घड्या वाचणाऱ्याने स्वतः सुरीने कापायच्या. इतक्या वर्षांत त्या कुणी कापल्या नव्हत्या, आणि भाचीच्या संदर्भसूचीत मात्र नेमकं हेच पान ऐटीत बसलं होतं.

त्यांनी सूचीतला पानाचा आकडा पुन्हा ताडून पाहिला. तोच होता.

शांतताबाई हे नाव मुलांनी ठेवलेलं. वाचनकक्षात कुणी खुर्ची जरी सरकवली तरी त्यांचं "शूऽऽ" ठरलेलं. कॉलेजच्या ग्रंथपाल त्या, आणि दर वर्षी नव्या मुलांना संदर्भसूचीचं सॉफ्टवेअरही त्याच शिकवायच्या. कळ दाबली की लेखक, साल, प्रकाशक आपापल्या जागी जाऊन बसतात हे बघून पोरं खूश व्हायची. मग त्या बजावायच्या, "यंत्र यादी लावून देईल, पुस्तक वाचून देणार नाही. जे उघडलं नाही ते यादीत नको." त्या तासाला भाची पहिल्याच बाकावर होती.

भाची म्हणजे भावाची मुलगी. पण कॉलेजात 'मॅडम' म्हणायचं आणि नातं कुणाला कळू द्यायचं नाही, असं दोघींचं ठरलेलं. उद्या पोरीने नाव काढलं तर वशिल्याचं खापर नको. आता मोठ्या परिषदेसाठी कॉलेजातून तिचा एकच शोधनिबंध निवडला गेला होता, आणि आज संध्याकाळपर्यंत सूची तपासून शांतताबाईंनी सही करायची होती.

त्यांनी तिला बोलावून घेतलं आणि पुस्तक समोर ठेवलं.

"हे वाचलंस?"

भाचीने पान उघडायला बोट घातलं. बोट अडकलं, तशी ती कानापर्यंत लाल झाली.

"नाही, मॅडम. दुसऱ्या तीन पुस्तकांत याचा दाखला होता. मी नाव टाकलं, सॉफ्टवेअरने बाकीचं भरलं."

शांतताबाईंनी खणातून कागद कापायची सुरी काढून पुढे केली.

भाचीने जपून घड्या कापल्या आणि तिथेच टेबलाशी उभी राहून वाचू लागली. तिचा विषय शहरातल्या रस्त्यांवरचे दिवे. दिवे लागले आणि चोऱ्या कमी झाल्या, असं या पुस्तकातल्या इंजिनिअरचं म्हणणं, आणि निबंधाचा सगळा डोलारा त्यावर उभा. वाचता वाचता तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

"मॅडम, चोऱ्या कमी झाल्या असं लोक म्हणतात, एवढंच आहे इथे. पुढे तो म्हणतो, मी पोलीस चौकीतली नोंद पाहिली, फरक काहीच दिसला नाही. सगळ्यांनी अर्धंच उचललंय. मीसुद्धा."

शांतताबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मग इकडेतिकडे पाहिलं. जन्मात कुणाला दिला नसता असा सल्ला त्यांच्या तोंडून हळूच निघून गेला.

"हे पुस्तक सूचीतून काढून टाक. ती दुसरी तीन पुस्तकं आहेतच की यादीत. चालून जाईल."

भाची त्यांच्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे, घरातलं मोठं माणूस जिन्यात अडखळलेलं बघावं तसं.

"आत्या," ती म्हणाली, "आता मी वाचलंय ना."

तिने सूचीचे कागद उचलले आणि तिच्या मार्गदर्शक सरांच्या खोलीकडे चालू लागली. शांतताबाई खुर्चीत बसून राहिल्या. शरम वाटली, खूप वाटली; पण शरमेच्या मागोमाग अभिमानही वाटला. बारशाला जिला मांडीवर घेतलं, ती पोर आज त्यांचाच धडा त्यांना परत देऊन गेली होती.

थोड्या वेळाने सर तावातावाने वाचनकक्षात शिरले.

"बाई, ती मुलगी निबंध मागे घेतेय! पुन्हा पहिल्यापासून लिहिणार म्हणे, पुढच्या वर्षी पाठवणार म्हणे. हातची संधी अशी कुणी घालवतं का? कोण समजते ही स्वतःला? आहे तरी कोण ही?"

सगळी डोकी वर झाली. शांतताबाई उभ्या राहिल्या. पदर सारखा केला.

"माझी भाची आहे!" त्या म्हणाल्या. "माझ्या सख्ख्या भावाची मुलगी!"

आवाज थेट शेवटच्या कपाटापर्यंत गेला. मागच्या बाकावरून कुणीतरी दबकत म्हणालं,

"शूऽऽ."