औषध चोळलेलं बियाणं

सासूचा एक नेम होता. पाखरांच्या चोचीत काही पडल्याशिवाय आपल्या तोंडात घास घालायचा नाही. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून तिने तो मोडला नव्हता. सकाळी ती मागच्या दारात उभी राहून हात उगारायची, की छपरावरचे पारवे भरारा खाली उतरायचे. पूर्वी मूठभर मका असायचा. मग चिमूटभर भरडा झाला. मागच्या हंगामात कापणीच्या तोंडावर अवेळी पाऊस कोसळला, कणसं रानातल्या उभ्या ताटांवरच काळी पडली, आणि तेव्हापासून ती पातेल्याच्या बुडाला लागलेली पेज खरवडून टाकत होती.

"आई, आपलीच पोटं भरत नाहीत," सून म्हणायची.

"खरवडच देते ना. खरवडीवर तुझं नाव लिहिलं होतं का?"

सून हसायची. सासूबाईंशी भांडण करायचं म्हटलं तरी जमत नसे. त्यांचा आवाजच चढायचा नाही.

घरात मका नव्हता असं नाही. होता, हीच तर पंचाईत होती. चुलीच्या खोलीत, कोपऱ्यात, पत्र्याच्या पिंपात बियाण्याचा मका होता. वाईटातून निवडून काढलेला, टपोऱ्या दाण्यांचा. त्या पिंपाकडे बघायचं नाही, असं न ठरवताच सगळ्यांचं ठरलं होतं. बघायची ती एकटी पिटुकली. सुनेची मुलगी. ती दुपारभर पिंपाला पाठ लावून बसायची आणि विचारलं तर सांगायची, "गार लागतं."

एका संध्याकाळी आभाळ खरोखरच दाटून आलं. सुनेचा नवरा खडी फोडायच्या कामावरून आला तो मोबाइल पुढे धरूनच. हवामानाचा निरोप आला होता.

"उद्या पेरू. बियाण्याला औषध चोळून ठेव. पण अर्ध्यालाच हं. अर्धं तसंच राहू दे. फसली पेरणी, तर पुन्हा पेरायला."

"पुन्हा पेरायला, की खायला?" सासू म्हणाली.

"दोन्हीला," तो म्हणाला आणि पाय धुवायला गेला.

सुनेने तोंडाला फडकं बांधलं, हातांत प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि गोणपाटावर मका ओतला. औषधाची भुकटी गुलाबी होती, पोटात गेली तर विषच. पाण्याचा हबका मारून ती चोळत गेली, दाणे गुलाबी होत गेले. अर्ध्यावर आल्यावर तिचे हात थांबले. उरलेला अर्धा मका पिवळाधमक होता. पाऊस लांबला तर तो चुलीवर जाणार, हे तिला ठाऊक होतं. आणि चुलीवर ठेवणारा हात दुसऱ्या कुणाचा नसेल, आपलाच असेल, हेही. एकदा हात घातला की तळ दिसेपर्यंत थांबणं नाही. मग पुन्हा पेरायला काय?

तिने उरलेल्यावरही भुकटी टाकली.

नवऱ्याने बघितलं. "सगळं?"

"सगळं."

तो गोणपाटापाशी उकिडवा बसला. "बरं," म्हणाला. "पाऊस नाही आला तर शोभेला ठेवू. रंग छान आलाय."

पाऊस आला तो धुळीवर टपोरे डाग पाडण्यापुरता. ढग डोक्यावरून निघून गेले, ते कुणाच्या रानात पडले देव जाणे. दुसऱ्या दिवशी आभाळ पुन्हा पांढरंफटक. मग रोजच तसं.

गोणपाट झटकताना चार दाणे अंगणात सांडले होते. घरातल्या एकुलत्या एक कोंबडीने ते टिपले आणि दुपारपर्यंत तिने पाय वर केले. पिटुकलीचं अंडं तिच्याच पोटातून यायचं. नवऱ्याने कोंबडी पायांना धरून उचलली आणि तसाच उभा राहिला.

"अंगाने भरली होती," तो म्हणाला.

 कुत्र्यांनी उकरू नये म्हणून त्याने खोल खड्डा घेतला.

"कोंबडी पुरतात का?" पिटुकलीने विचारलं. "शिजवतात ना?"

त्यानंतर सुनेने पिंपाचं झाकण तारेने आवळलं आणि पिटुकलीची बसायची जागा बदलली. शेजारपाजारी विचारून पाहिलं, साधा मका द्या, त्याच्या बदल्यात बियाणं घ्या. लोक हसले. ज्यांची स्वतःचीच जमीन भेगाळलेली, ते औषध लावलेलं बी घेऊन काय करणार? आणि साधा मका होता कुणाकडे? मदतीचं धान्य येणार, येणार, असं मात्र सगळे सांगत होते.

"पाऊस आणि ते, दोघं हातात हात घालूनच येणार वाटतं," नवरा म्हणाला. खडीचं कामही आता एक दिवस असलं की चार दिवस नसायचं. पेज इतकी पातळ झाली होती, की पिटुकली वाटीत तोंड बघायची आणि जीभ काढून दाखवायची.

त्या दिवशी सून पाण्याला गेली. टँकर आलाच नाही, म्हणून रिकाम्या हंड्यांनिशी लवकर परतली. दारातच तिला शिजत्या मक्याचा वास आला. आधी तिच्या तोंडाला पाणी सुटलं, आणि मग ध्यानात आलं.

सासू चुलीपुढे बसली होती. पातेलं उतरवलेलं, ताटलीत वाफाळते दाणे. बाजूला बादलीभर गुलाबी पाणी. घरातलं होतं नव्हतं तेवढं सगळं पाणी. उंबऱ्यावर पिटुकली आपली वाटी मांडीवर घेऊन शहाण्यासारखी बसली होती.

"आई!"

"ओरडू नकोस गं. पाणी निवळेपर्यंत चोळचोळून धुतलंय. आधी मी खाते. संध्याकाळपर्यंत धडधाकट राहिले, तर हिला दे."

"आणि नाही राहिलात तर?"

"तर एक तोंड कमी." मीठ बेताचं आहे, असं सांगावं तशा आवाजात ती म्हणाली आणि चमचा उचलला.

सुनेच्या हातात हंडे होते.  तिच्या तोंडून भलतंच काहीतरी निघालं.

"पाखरांना टाकलंत?"

सासूचा चमचा थबकला.

"हे? हे त्यांना कसं टाकू? मरतील ना गं ती."

सून नुसती बघत राहिली. सासूनेही तिच्याकडे बघितलं. मग चमच्याकडे. मग मागच्या दाराकडे, जिथे छपराची सावली पडली होती आणि सावलीच्या कडेला पारव्यांच्या माना हलत होत्या. तिने चमचा सावकाश ताटलीत ठेवला.

"नेम मोडत होते मी," ती पुटपुटली.

दोघींनी मिळून कोंबडीच्या शेजारी खड्डा केला. दाणे त्यात, गुलाबी पाणीही त्यात. घराला प्यायला उरलेलं पाणी जमिनीत मुरताना दोघी बघत होत्या. माती लोटून सासूने पायाने दाबली.

"चला," ती म्हणाली, "पेरणी झाली म्हणायची."

सुनेला हसू आलं. मागे पिटुकली रिकामी वाटी उंबऱ्यावर आपटत रडत होती.

नवऱ्याला सांगितल्यावर तो उठून पिंपाची तार पुन्हा आवळून आला. "कोरड्यातच पेरू," म्हणाला. "घरात ठेवलं तर कुणाचा तरी जीव घेईल. जमिनीत तरी पडून राहील. आला पाऊस तर आला."

"नाही आला तर?"

"तर पिंप रिकामं झालं. पिटुकलीला टेकायला जागा झाली."

सकाळी घरामागच्या रानात तो मातीत चर पाडत, तास ओढत पुढे, सून मागून बी सोडत. ढेकळं फुटत नव्हती. झाकलेला दाणा पुन्हा उघडा पडायचा. भुरक्या मातीत गुलाबी ठिपके लांबूनही दिसत होते. छपरावरचे पारवे उठले आणि तासाच्या मागे मागे उतरू लागले.

"आई, हाकला त्यांना!"

सासू धावली. अंगात बळ नव्हतं तरी धावली. "हाऽड! हाऽड! जा रे बाबांनो, ते तुमचं नाही!" तिने हात उगारला.

पारवे उडाले नाहीत. हा हात वर गेला की दाणे पडतात, एवढंच त्यांना ठाऊक होतं. तिनेच ते इतकी वर्षं शिकवलं होतं. ते तिच्या पायांशी गोळा झाले. ती आणखी जोराने हात हलवत राहिली, आणि छपरावर उरले होते तेही खाली आले.