आठ सेंटीमीटरची अट

फ्रीसलंड या उत्तरेकडच्या थंड प्रांतात हिवाळ्यातला सकाळचा उजेड घाई करीत नाही. आधी बांधाची कड राखाडी होते. मग तळ्याकाठच्या लव्हाळ्यांवर फिकट पिवळेपणा उतरतो. मग तो तळ्यावरच्या स्केटिंगची व्यवस्था पाहणाऱ्या बर्फमंडळाच्या लाकडी खोलीत शिरतो, किटलीच्या पोटावर क्षणभर रेंगाळतो आणि अखेरीस एका संगणकाच्या पडद्यावरची धूळ दाखवतो. मित्रांनो, त्या धुळीमागे मी राहते. मी जावा या संगणकाच्या भाषेत लिहिलेली एक जुनी अट आहे.

मला लिहिले हिंकेबाईंनी. आयुष्यभर शिवणकाम केल्यावर चौसष्टाव्या वर्षी त्या ग्रंथालयात संगणकाची भाषा शिकायला गेल्या. त्यांचे थोरले भाऊ डाऊवे हे गावाचे बर्फप्रमुख. रोज सकाळी ते बर्फाला भोक पाडून जाडी मोजत आणि आकडा संगणकात भरत. बांधावरच्या पाटीवर काय उजळायचे, ते आम्ही अटी ठरवत असू. बर्फ ज्या क्रमाने वाढतो, त्याच क्रमाने बाईंनी आम्हाला मांडले. पहिली अट: जाडी तीन सेंटीमीटर किंवा अधिक असेल, तर 'थांबा'. तिच्याखाली मी: नाहीतर, आठ किंवा अधिक असेल, तर 'या, खेळा'. यांपैकी काहीच नसेल, तर 'दूर राहा'.

आमच्या पहिल्याच हिवाळ्यात, फेब्रुवारीत, जाडी नऊ झाली. दुपारी दक्षिणेचा वारा सुटून बर्फ नरमणार होता. मुले स्केटिंगच्या बुटांच्या नाड्या आवळून बांधावर बसली होती आणि पाटी म्हणत होती, 'थांबा'. पाटीने हो म्हटल्याशिवाय बर्फावर पाऊल टाकायचे नाही, हा मंडळाचा नियम.

"काय गं, तुझं यंत्र तुझ्यासारखंच हट्टी निघालं," डाऊवे म्हणाले.

"आकडा चुकला असेल, दादा. चष्मा पूस आधी."

"दोनदा पुसला. नऊच आहे. पोरं म्हणतायत, हिंकेआजीला आमची मजा बघवत नाही."

बाई पडद्यावर वाकल्या. बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेल्या. "अगं बाई, नऊ म्हणजे तीनपेक्षा जास्तच की," त्या पुटपुटल्या. "वरची अट खरी ठरली, की हा संगणक खालचं बघतच नाही."

त्यांनी मला उचलून पहिल्या अटीच्या वर बसवले. पाटी उजळली, आणि मुले ओरडत तळ्यावर उतरली. सर्वांत आधी आपटले ते डाऊवे. "बर्फ पक्का आहे, मी तपासला," ते बसल्या जागीच म्हणाले. संध्याकाळी वाटाण्याचे दाट सूप पिताना सगळ्यांनी बाईंची वाहवा केली. थोडी माझीही झाली, असे मी मानते.

मित्रांनो, अटी लिहाल तेव्हा अवघड अट आधी विचारा, सोपी नंतर. म्हणजे कुणीही विनाकारण वाट पाहत राहणार नाही.

पुढे पाटीवर माझे शब्द उजळेनासे झाले. मी स्वतःची समजूत घालत असे, की कुणीतरी आमचा क्रम पुन्हा बिघडवला असेल, किंवा डाऊवे आकडा भरायला विसरत असतील. क्रम बरोबर आहे. डाऊवे रोज मोजतात. गेल्या चार हिवाळ्यांत तळ्यावर आठ सेंटीमीटर बर्फ धरलेला नाही.