खांदे शोधणारी खुर्ची

मित्रांनो, मी एक म्हातारी खुर्ची आहे, पण साधीसुधी नव्हे हं! मालिश करणारी. माझ्या पाठीत दोन रबरी रूळ आहेत. कुणी बसलं की ते खालून वर सरकतात आणि आधी माणसाचे खांदे शोधतात. खांदे सापडले की मगच काम सुरू. कारखान्यात मला एवढी एकच विद्या शिकवली, आणि ती मी मन लावून शिकले.

तिथून मी आले ती थेट नागपूरच्या विमानतळावर, एका विमान कंपनीच्या लाउंजमध्ये. लाउंज म्हणजे विमान सुटेपर्यंत आरामात बसायची खोली. काचेचं सरकतं दार, मऊ गालिचा, टेबलावर तर्री-पोहे आणि चहा. पहिली चार वर्षं माझा काय थाट होता म्हणून सांगू! लोक माझ्यासाठी ताटकळत उभे राहायचे. वकील, डॉक्टर, लग्नाला निघालेल्या मावश्या, सगळे डोळे मिटून म्हणायचे, "वा, जीवात जीव आला!" सफाईचं काम करणारी रोशनी हुडकेश्वरहून यायची. माझ्यावरून फडकं फिरवताना ती म्हणायची, "तुयी मजा आहे वं, साऱ्यायची लाडकी तू!" मी फुगून जायची.

मग एका सकाळी अश्विन आला. चाळिशीचा, डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. छातीशी त्यानं तांब्याचा छोटा कलश धरला होता, तोंडाला लाल कापड बांधलेला. त्यात त्याच्या आईच्या, पार्वतीबाईंच्या, अस्थी होत्या. तो त्या घेऊन नाशिकला निघाला होता. त्यांच्या घरची रीत अशी, की अस्थी जमिनीवर टेकवायच्या नाहीत आणि सगळ्या वाटेनं त्या गेलेल्या माणसाशी बोलत जायचं. गाडी आली, बस. जिना आहे, चढ. जिवंत माणसाला सांगावं तसं. नाहीतर ते माणूस मागेच राहतं म्हणे. अश्विननं कलश माझ्यावर ठेवला आणि हळूच म्हणाला, "आई, इथं बस वं. मी चहा घेऊन येतो."

आता लाउंजमध्ये विमानासाठी कुणी हाका मारत नाही, ज्यानं त्यानं पडद्यावर बघायचं. अश्विननं चहाचा दुसरा घोट घेता घेता पडद्याकडे पाहिलं. त्याच्या विमानाचं दार बंद व्हायला आलं होतं. "अरे बाप रे!" म्हणत तो धावला, कलश उचलला आणि पळत सुटला.

कलश गेला, पण वजन माझ्यावर तसंच राहिलं.

मित्रांनो, खरं सांगते, मी घाबरले. माझ्यावर कुणीही दिसत नव्हतं. तरी रूळ आपोआप निघाले, वर सरकले आणि एका जागी थांबले. खांदे सापडले होते. लहानखुरे, अगदी खाली, डावा जरा उतरलेला. आणि गार! एप्रिलच्या नागपुरात इतकं गार मी कधी काही अनुभवलं नव्हतं.

त्या दिवसापासून ती माझ्यावर बसून होती. काचेचं दार सरकलं की तिचं वजन पुढे यायचं, काठापर्यंत. वाकून कोण आलं ते बघायची असणार. आलेला माणूस परका निघाला की पुन्हा मागे टेकायची. दिवसातून शंभर वेळा दार उघडायचं, मित्रांनो, आणि शंभर वेळा ती पुढे यायची.

एकदा एक जाडजूड गृहस्थ माझ्यावर बसले आणि ताडकन उठले. "सॉरी, सॉरी, कुणीतरी बसलंय," असं म्हणाले आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत उभेच राहिले. मग लोक माझ्याकडे फिरकेनासे झाले. दुरुस्तीवाला अंकित दोनदा येऊन गेला. "वायर बी बरोबर, मोटर बी बरोबर. मग काहून चालून राहिली ही?" असं म्हणून त्यानं माझं बटण बंद केलं, वायर काढली आणि 'बंद आहे' अशी पाटी लावली. वायर काढल्यावरही रूळ फिरत होते, हे एकट्या रोशनीनं पाहिलं. ती किंचाळली नाही. फडकं फिरवताना म्हणाली, "जरा सरका जी, आई." आणि वजन खरंच सरकलं.

महिन्याभरानं हुकूम आला, बुधवारी मला भंगारात द्यायचं. माझं काय, मी लोखंड आणि रेक्झिन. पण ती कुठे बसणार? भंगाराच्या गोदामात तिचा मुलगा तिला कुठे शोधणार? मला बोलता आलं असतं तर मी ओरडले असते हो!

बुधवारी दोन हमालांनी मला ढकलगाडीवर चढवलं. "लय जड आहे गा," एक म्हणाला. तेवढ्यात दार सरकलं. वजन पुढे आलं, आणि या वेळी ते मागे टेकलंच नाही.

अश्विन होता. तो धापा टाकत रोशनीला विचारत होता, "इथची ती मालिशची खुर्ची कुठं गेली?" नाशिकच्या त्याच्या नत्थूमामांनी चार दिवसांपूर्वी त्याला विचारलं होतं, सगळ्या वाटेनं आईला सांगत आलास ना? अश्विन एकेक टप्पा आठवत गेला आणि इथे येऊन अडकला. बस म्हटलं होतं, ऊठ म्हटलंच नव्हतं. तेव्हापासून त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. तिकिटाशिवाय इथे आत येता येत नाही, म्हणून त्यानं पुन्हा नाशिकचंच तिकीट काढलं होतं.

रोशनीनं माझ्याकडे बोट दाखवलं. "आहेत त्या," एवढंच म्हणाली.

लाउंज भरलेला होता. लॅपटॉप उघडून बसलेली माणसं बघत होती. अश्विन लाजला, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला. काहीच झालं नाही. मग त्याचा बांध फुटला. भर लाउंजमध्ये, ढकलगाडीवरच्या खुर्चीसमोर तो रडत मोठ्यानं म्हणाला, "आई, ऊठ वं! मले घाई झाली होती. माह्यं चुकलं. चाल माह्यासंगं!"

माझ्या दोन्ही हातांवर भार पडला. गुडघे दुखणारी माणसं उठताना देतात ना, तसा. आणि मग तो उचलला गेला.

अश्विन दाराकडे निघाला. विमानाची वेळ होत आली होती, तरी तो अगदी सावकाश चालत होता, एक हात जरासा बाजूला धरून.

मी आता गोदामात आहे. हलकी आहे, रिकामी आहे. काल लाउंजमधली आणखी एक खुर्ची इथे आणून टाकली. अगदी साधी, ना मोटर, ना रूळ. तिला खांदे शोधता येत नाहीत, त्यामुळे तिच्याबद्दल कधी कुणाला शंकाही आली नाही. पण मित्रांनो, ती उचलताना दोन्ही हमाल घामाघूम झाले होते. गोदामाचं दार वाजलं की ती किंचित पुढे कलते.

घाई सगळ्यांनाच असते. तरी जरा आठवून बघा, कुणाला 'बस, आलोच' म्हणून तुम्ही निघून तर गेला नाहीत ना?