पेटीतलं जड कडं

नाटक कंपनीत तिला सगळे टाचणी म्हणत. दिवसभर तिच्या ओठांत दोन-चार टाचण्या धरलेल्या असायच्या आणि त्या तशाच ठेवून ती बोलायची, भांडायची, हसायचीसुद्धा. कंपनीचे कपडे आणि दागिने तेवीस वर्षं तिच्याच ताब्यात होते.

एकदा तालमीनंतर राणीचं काम करणारी नवी मुलगी मनगट चोळत तिच्याकडे आली.

"मावशी, हे कडं बदलून द्या ना. हे घालून तलवार उचलायची म्हणजे हात भरून येतो."

"पितळेचं कडं ते! त्यानं हात भरून यायला तू काय लोण्याची आहेस?" टाचणी म्हणाली. पण कडं हातात घेतल्यावर तिलाही ते जाणवलं. तिनं पेटीतलं तेवढ्याच जाडीचं दुसरं कडं काढलं आणि दोन्ही तळव्यांवर एकेक ठेवलं. उजवा हात आपोआप खाली गेला.

मग तिला एकेक गोष्ट आठवायला लागली. पेटीतले बाकीचे दागिने दर दोन महिन्यांनी हिरवे-काळे पडत आणि लिंबू-मीठ लावून घासता घासता तिचे खांदे दुखून यायचे. या कड्याला मात्र कधी हात लावावा लागला नव्हता. तिनं दोन्ही कडी टेबलावर टाकून पाहिली. एक खण्णकन वाजलं आणि बराच वेळ गुणगुणत राहिलं. दुसरं नुसतंच ठप्प झालं. त्याच्यावर बारीक पोचेही होते, मऊ धातूवर पडतात तसे.

दोन्ही कडी रुमालात बांधून ती घरी गेली. तिची नणंद शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय तिला घास गिळवत नसे.

"वन्सं, हे सोनं आहे का बघा."

"लोहचुंबक आणू का?" नणंदेनं विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "नको. पितळही चुंबकाला चिकटत नाही. त्यावरून काही ठरायचं नाही. वहिनी, स्वयंपाकघरातला काटा काढा."

आधी तिनं दोन्हींचं वजन केलं. वाजणारं कडं भरलं सव्वीस ग्रॅम, न वाजणारं चोपन्न. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून तिनं आकडा शून्यावर आणला आणि एकेक कडं दोऱ्यानं पाण्यात सोडलं, पण तळाला टेकू दिलं नाही. दोन्ही वेळा काट्यानं तीनच दाखवले.

"म्हणजे काय?" टाचणीनं विचारलं.

"म्हणजे दोन्हींचं आकारमान सारखंच. दोन्हींनी तीन-तीन ग्रॅम पाण्याची जागा घेतली. पण एक पाण्याच्या साडेआठ पट जड आहे, म्हणजे पितळ. आणि दुसरं अठरा पट." नणंद खुर्चीवर बसली. "वहिनी, शिशालासुद्धा अठरा पट जमत नाही हो. तुमची ही बया सोन्याचीच दिसते."

टॉवेलनं कडं पुसता पुसता टाचणीच्या मनात बरंच काही येऊन गेलं. नवं शिवणयंत्र आलं, समुद्रकिनाऱ्यावरचे आठ दिवस आले. मग तिनं टॉवेल झटकला आणि ती म्हणाली, "कुणाचं तरी असणार. उद्या सोनाराकडे जाते."

सोनार सत्तरीच्या घरातला होता. त्यानं कसोटीचा काळा दगड पुढे ओढला आणि दोन्ही कड्यांच्या दोन रेघा ओढल्या. दोन्ही पिवळ्या. मग त्यावर आम्लाचा थेंब सोडला. पितळेची रेघ फसफसली आणि नाहीशी झाली. दुसरी जशीच्या तशी.

"बावीस कॅरेट," तो म्हणाला. मग भिंग लावून त्यानं कड्याच्या आतली बाजू पाहिली आणि तो उभाच राहिला. "अहो, हा पानाचा ठसा माझ्या वडिलांचा! हे राणीबाईंचं कडं!"

राणीबाई म्हणजे कंपनीची जुनी नटी. जन्मभर राणीची कामं केली म्हणून ते नाव. खरं कडं रंगमंचावर हरवायला नको म्हणून त्यांनी हुबेहूब तसंच पितळेचं करून मागितलं होतं.

"ती पितळेची नक्कल मी केलेली! माझं पहिलं काम!" सोनारानं दुकानाचं शटर ओढलं. "चला, आत्ताच्या आत्ता चला."

राणीबाई दोन गल्ल्या पलीकडे तिसऱ्या मजल्यावर राहत होत्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "छे! माझं कडं माझ्या कपाटात आहे. कुलपात." आणि त्यांनी मखमली डबी आणून उघडली.

आतलं कडं काळवंडलेलं होतं. सोनारानं ते टेबलावर टाकलं. खण्णकन वाजलं. मग टाचणीनं आणलेलं जड कडं टाकलं. ठप्प.

राणीबाईंनी दोन्ही हातांत घेऊन पाहिली. आणि त्या हसायला लागल्या, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"शेवटच्या प्रयोगाला घाईत खरं कंपनीच्या पेटीत टाकलं आणि खोटं घरी आणलं मी! म्हणजे एकतीस वर्षं पितळ कुलपात, आणि सोनं लढाया करत फिरतंय!"

"पण हलकं नाही लागलं तुम्हाला?" टाचणीनं विचारलं.

"लागलं की. मला वाटलं, माझ्यासारखं तेही वयानं झिजलं असेल." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "आणि तुला गं? मोह नाही झाला?"

"झाला ना. कडं पुसून होईपर्यंत."

सोनाराचं लक्ष सोन्याकडे नव्हतंच. पितळेचं कडं उजेडात धरून तो म्हणत होता, "सांधा बघा! कुठं दिसतोय का? सांगा!"

"घेऊन जा बाबा तुझं ते," राणीबाई म्हणाल्या, आणि तो लहान मुलासारखा खूष झाला.

मग त्यांनी टाचणीला जवळ बसवलं. "तुमची नवी राणी कशी आहे?"

"आवाज छान आहे. पण चालते अशी, जशी काही बस चुकतेय."

"तालीम कधी असते?"

मंगळवारी राणीबाई अर्धा तास आधीच हजर झाल्या. त्यांनी त्या मुलीला दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चौदा वेळा चालवलं आणि पंधराव्या वेळी मान डोलावली. दिग्दर्शक भिंतीला टेकून पाहत होता. राजमातेचं काम करायला त्याला कुणी मिळत नव्हतं. त्यानं भीतभीतच विचारलं.

"वाक्यं किती?" राणीबाईंनी विचारलं.

"दोन आहेत."

टाचणीनं तोवर मापाची फीत काढून त्यांच्या खांद्यांवर लावलीसुद्धा होती. राणीबाईंनी दोन्ही वाक्यं वाचली, चष्मा काढला आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "तिसरं लिहा. तोवर मी इथेच बसते."