कव्हरातली गोळी

फार्मसीच्या शेवटच्या वर्गात औषधांच्या कारखान्यातच नोकरी करणार, असं म्हणणारी ती एकटीच. म्हणून सगळे तिला कारखानदारीण म्हणत. "कारखाना म्हणजे डोक्याला टोपी, तोंडाला फडकं आणि जन्मभर गोळ्यांकडे बघत बसणं," असं तिचा वर्गमित्र डॉलर सांगायचा. त्याला परदेशी जायचं होतं, म्हणून हे नाव. तयारी अजून पासपोर्टच्या फोटोपर्यंतच आली होती. तिच्या मावशीचं औषधांचं दुकान होतं. मावशी म्हणायची, "अगं, गल्ल्यावर बस. वर पंखा आहे."

कारखान्यातल्या प्रशिक्षणात तिचे पाय भरून यायचे, पण हट्ट सुटला नव्हता. उद्या तिथल्याच साहेबांपुढे मुलाखत होती.

आज पिवळ्या गोळ्या संपून पांढऱ्या सुरू व्हायच्या होत्या. मध्ये मशीन, फरशी, सांदीकोपरे पुसून घ्यायचे आणि आधीचं काही उरलं नाही ना, हे एकाने बघायचं, असा नियम. आज बघणारी ती होती. तिने दमल्या डोळ्यांनी बघितलं आणि "साफ आहे" म्हणाली. पांढऱ्या गोळ्या सुरू झाल्या.

कामाची पाळी संपल्यावर बाकावर बसून तिने बुटावरचं कव्हर काढलं, तर आतून पिवळी गोळी पडली.

"टाक कचऱ्यात," शेजारी बसलेला डॉलर कुजबुजला. तोही तिच्याबरोबर प्रशिक्षणाला होता. "आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस."

तिने मूठ मिटलीही होती. घरी जाऊन नुसतं आडवं व्हायचं होतं तिला. पण पिवळी गोळी रक्तदाबाची, पांढरी लहान मुलांच्या तापाची. एक इथे निघाली, तर दुसरी पाकिटात गेली नसेल कशावरून?

ती साहेबांकडे गेली. मशीन थांबलं, तयार माल अडवला गेला. घरी निघालेल्या माणसांना परत बोलावलं. पाकिटं फोडता फोडता ती माणसं तिच्याकडे अशी बघत होती, जणू हिने त्यांच्यापुढचं ताट ओढलं. सगळं उलटंपालटं केलं, पण दुसरी गोळी काही सापडली नाही. तिला रडू आलं.

साहेब तिच्याशेजारी येऊन बसले. तेही पार गळून गेले होते.

"इंडस्ट्रीत का यायचंय, असं उद्या तुला विचारणार होतो," ते म्हणाले. "आता नाही विचारत."

"माझी चूक झाली, सर. समजलं."

"चुकीमुळे नाही गं. तुझ्यासारखी माणसं हवीत आम्हाला. पण आता विचारलं, तर तू नको म्हणशील, अशी भीती वाटते."

तीच भीती तिलाही वाटत होती.