अजून दोन मिनिटं

गावोगावी इंटरनेटची केबल पुरवणाऱ्या वीरेशच्या हाताला गुण आहे असं आळंद तालुक्यात सगळे म्हणत, आणि ऐकून ऐकून गडी चांगलाच फुगला होता. नेट बंद पडलं की तो ऑफिसात जाई, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करी, की झालं काम! मुळात ते बंद का पडलं, या भानगडीत कोण पडतो?

पीयूसीचा, म्हणजे बारावीचा, निकाल लागायच्या दुपारी खजुरीच्या दवाखान्यातून नर्स स्नेहाचा फोन आला.

"वीरेशअण्णा, नेटच्या डब्याचे दिवे समदे हिरवे हायत, पर ईसीजी कलबुर्गीच्या डॉक्टरांकडं जायलाच न्हाई. श्रीमंतमामांच्या छातीत लई दुखायलंय. जीप दारात उभी हाय, तसंच कलबुर्गीला नेऊ का?"

आपल्या उभ्या तुरीतून वीरेशची केबल फुकट जाऊ देणारे ते हेच श्रीमंतमामा. तरी वीरेशच्या तोंडातून सवयीचंच निघालं.

"दोन मिनिटं थांबा सिस्टर, आत्ता होतंय बघा. डॉक्टर ईसीजी बघून लगेच इंजेक्शन सांगतील. रस्त्यात त्यांचे हाल कामून करता?"

त्याने नेमसर्व्हर बंद करून चालू केला. वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारं हे यंत्र. ते अडलं की केबल धडधाकट असूनही कुणाला कुठंच पोचता येत नाही. नेट आलं, आणि स्नेहा ईसीजी पाठवेपर्यंत पुन्हा ठप्प झालं.

"अजून दोन मिनिटं, सिस्टर."

पुन्हा पुन्हा तेच. तासाभराने त्याने झक मारत मशीनच्या नोंदींचा लॉग उघडला. एकच तक्रार शेकडो वेळा लिहिलेली होती: फार फाइली उघड्या आहेत, आणखी उघडता येत नाहीत. दर चौकशीमागे सर्व्हरला एक फाइल उघडावी लागे आणि मर्यादा होती एक हजार चोवीसची. आज तर निकालासाठी अख्खा तालुका तुटून पडला होता.

आणि हे त्याला माहीत होतं! महिन्यापूर्वी याच दुखण्यावर त्याने मर्यादा वाढवली होती, पण ती हाताने, तेवढ्यापुरती. सेटिंगमध्ये कायमची एक ओळ लिहायची ती उद्यावर टाकली. सकाळी करंट गेला, मशीन आपोआप पुन्हा सुरू झालं ते जुनीच मर्यादा घेऊन. हा मात्र तासभर नुसता बंद-चालू करत बसला होता.

त्याने ती ओळ लिहिली आणि सर्व्हर पुन्हा चालू केला. नेट आलं आणि टिकलं. त्याने घाईघाईने खजुरीला फोन लावला.

"सिस्टर, गेला का ईसीजी?"

"गेला, अण्णा. डॉक्टर म्हणायलेत, एक मिनिट न दवडता घेऊन निघा."

"मग निघा की! जीप हाय न्हवं?"

पलीकडून मामांच्या बायकोच्या रडण्याचा आवाज येत होता.

"व्हय, जीप हाय," स्नेहा म्हणाली. "कुणाला घेऊन निघू, अण्णा?"